अपघाताची तालीम

जानकीबाई घाडींच्या खोलीत काही शब्दांना सक्त मनाई होती. तिथं कुणी 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बांगडी फुटायची नाही, ती वाढायची. साप निघाला तरी तो 'जनावर' म्हणूनच निघायचा. घाटकोपरच्या भाटवाडीत, डोंगराच्या उतारावर, दहा बाय बाराची पत्र्याची खोली ती; तिच्यात वास्तुपुरुष राहत असलाच तर बिचारा मोरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसत असणार. पण माणसाच्या तोंडून वाईट निघालं की तो 'तथास्तु' म्हणतो अशी जानकीबाईंची खात्री होती, आणि त्या खात्रीपुढं घरात कुणाचं काही चालत नसे.

चौऱ्याऐंशी साली त्यांचा मुलगा लवू ड्रायव्हर झाला आणि या यादीत आणखी एका शब्दाची भर पडली. अपघात.

त्याआधी लवूची सोळा वर्षं लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेली होती. मग संप झाला, लांबला, आणि इतका लांबला की तो संपला की नाही हेही कुणी विचारेनासं झालं. त्या काळात घर चाललं ते सुगंधाच्या जिवावर. सुगंधा म्हणजे लवूची बायको. पालिकेच्या इस्पितळात आया होती. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. नवरा दीड वर्ष दाराशी बसून डोंगराकडं बघतोय हे तिनं पाहिलं आणि एक दिवस पोराला शाळेत घालावं तसं हाताला धरून त्याला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातलं. लवूला लायसन्स मिळालं आणि पाठोपाठ नोकरीही. घाटकोपर पूर्वेला राहणाऱ्या श्यामकांत प्रधान साहेबांचा मुलुंडला छोटासा कारखाना होता. सकाळी त्यांना पांढऱ्या फियाटमधून कारखान्यात न्यायचं, दिवसभर इकडची तिकडची कामं करायची, संध्याकाळी परत आणायचं. साच्यासमोर उभं राहून सोळा वर्षं काढलेल्या माणसाला बसून पगार घ्यायची सुरुवातीला लाजच वाटत होती.

कारखान्याचा टेम्पो अंबादास चालवायचा. वीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यानं लवूला टपरीवर चहा पाजला आणि ज्ञान दिलं.

"हे बघ लवू, कधी ना कधी तू ठोकणार. मी ठोकली, तर तू कोण? ठोकलीस की थांबायचं नाय. गाडी मार आणि सरळ पोलीस स्टेशन गाठ. पब्लिक चूक कोणाची ते विचारत नाय."

"आणि तो पडलेला माणूस?"

"त्याला पब्लिक बघतं ना. पब्लिकला काम पाहिजेच असतं. तू नाय दिसलास की ते त्याला बघतं, तू दिसलास की तुला." अंबादासनं वरचा ओठ उचलून हिरडी दाखवली. दोन दात नव्हते. "मी थांबलो होतो. कुर्ल्याला."

त्या संध्याकाळी चहा पिता पिता लवूनं हे सगळं सुगंधाला सांगितलं. त्याला वाटलं होतं, बायको म्हणेल, बरं झालं बाई कुणीतरी शहाणं भेटलं. सुगंधानं कपबशी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही पळणार?"

"अगं, मारतात ना लोक!"

"अहो, आमच्याकडं रोज येतात असली माणसं. अर्धा तास आधी आणला असता तर, असं डॉक्टर रोज म्हणतात. पब्लिक बघतं कसलं? पब्लिक गोल करून उभं राहतं. कुणीतरी पाय धरून ओढतं, हाड तिसरीकडंच जातं. गाडी कुणाकडं असते? ठोकणाऱ्याकडं. आणि तोच पळालेला. अपघात झाला तर..."

"गो सुगंधा!" कोपऱ्यातून जानकीबाईंचा आवाज आला. वाती वळता वळता त्यांनी मान वर केली होती. "तिन्हीसांजेक असला अभद्र बोला नको. वास्तु तथास्तु म्हणता!"

विषय तिथंच मिटला. पण लवूच्या डोक्यातून तो जाईना, कारण त्याला एक गोष्ट माहीत होती जी अंबादासला माहीत नव्हती. थांबावं की पळावं हा प्रश्न त्याच्यापुढं कधीच नव्हता. तो पळणार, हे त्याला ठाऊक होतं. तो एकदा पळालेला होता.

संपाच्या पहिल्या उन्हाळ्यात एका मोर्चात पळापळ झाली. लवू आणि त्याचा शेजारी बाळा हातात हात घालून चालले होते. गर्दी उलटली, बाळा पडला, आणि लवूचा हात सुटला. सुटला म्हणजे काय, लवूनंच सोडवला. तो थांबला तेव्हा भायखळा मागं पडलं होतं. बाळाच्या पायावरून किती लोक गेले कोण जाणे. तेव्हापासून तो डावा पाय किंचित ओढत चालतो. आता विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन आहे. त्यानं या गोष्टीवरून लवूला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नव्हता, आणि लवूला तेच सोसत नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर निदान फिटल्यासारखं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना त्यानं सुगंधाला हे सांगून टाकलं. "मी पळणारच गं. मला माहीताय मी कसा आहे. उगाच माझ्याकडनं काही अपेक्षा ठेवू नकोस."

सुगंधानं भरलेला हंडा नळाखालून काढला. मग म्हणाली, "मग तालीम करू या."

"कसली?"

"ज्याची भीती वाटते त्याची."

आता तालीम हा शब्द भाटवाडीत फार मानाचा. वाडीचं नाट्यमंडळ होतं. दर माघात सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि रात्री नाटक. बाळा त्याचा दिग्दर्शक. लवू चौदा वर्षं प्रॉम्प्टर. एकदाच त्याला स्टेजवर उभं केलं होतं, पहारेकऱ्याच्या कामात, एका वाक्यासाठी. ते वाक्य विसरून तो चुकीच्या विंगेतून जो बाहेर पडला तो थेट रस्त्यावर. तेव्हापासून तो पडद्याआड. पण पडद्याआडचा लवू वेगळाच माणूस होता. राजा अडखळो की राणी रडायची विसरो, आतून त्याचा आवाज यायचा, हळू आणि स्वच्छ, आणि अडलेला प्रवेश पुढं सरकायचा. कलाकार म्हणायचे, लवू आत असला की पाठांतर केलं नाही तरी चालतं. काही जण खरोखरच करत नसत.

शिवाय नाटकाला जानकीबाईंची हरकत नव्हती. मंडळाच्या नाटकांत आजवर कितीतरी माणसं मेली होती, घरं जळाली होती, आयांनी पोरांवर हंबरडे फोडले होते. वास्तुपुरुष नाटकातल्या बोलण्याला तथास्तु म्हणत नाही, ही सवलत खुद्द जानकीबाईंनीच काढलेली.

रविवारी सकाळी नळाशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी तयार झाली. दोन बाकं एकापुढं एक ठेवली आणि स्टिअरिंग म्हणून जानकीबाईंची परात आणली. बाळानं सात-आठ जण पब्लिक म्हणून गोळा केले. जखमी कोण होणार यावर थोडी ओढाताण झाली, कारण सगळ्यांना मारणाऱ्यांतच काम हवं होतं. शेवटी जानकीबाईच उठल्या.

"नाटकात मराक माझा काय जाता?" असं म्हणून त्या सतरंजीवर आडव्या झाल्या आणि त्यांनी असा काही टाहो फोडला की वरच्या गल्लीतल्या दोन बायका खऱ्याच धावत आल्या.

लवू परात धरून बसला. बाळानं आरोळी ठोकली, "पकडो साले को!" आणि आठ माणसं ओरडत अंगावर आली. परात कुठं गेली ते लवूला कळलं नाही. तो भानावर आला तेव्हा गल्लीच्या टोकाला वाण्याच्या दुकानापाशी उभा होता.

लोकांची हसून पुरेवाट झाली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. फरक एवढाच की या वेळी तो नळापर्यंतच पळाला. "प्रगती आहे," कुणीतरी म्हणालं. जानकीबाई सतरंजीवरून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, मी हय मरतंय आणि तू खय जातंस?" पुन्हा हशा झाला.

लवू मात्र हसत नव्हता. तो नळाच्या कठड्यावर डोकं धरून बसला होता. बाळानं बाकीच्यांना चहाला पिटाळलं आणि पाय ओढत येऊन त्याच्याशेजारी बसला.

"लवू, एक सांगू? त्या दिवशी मला पण पळायचं होतं."

लवूनं मान वर केली नाही.

"खरंच सांगतो. तुझ्याआधीच पळणार होतो. कुणाच्या तरी पायात पाय अडकला म्हणून पडलो. एवढंच झालं, यार. तू दोन वर्षं उगाच मला मोठा शूर समजतोयस आणि स्वतःला चोर. मला त्याचाच जास्त त्रास होतो."

लवूला रडू फुटलं. छत्तीस वर्षांचा माणूस सार्वजनिक नळावर भर सकाळी रडला, आणि पाणी भरायला आलेली एक बाई हंडा न भरताच परत गेली. बाळानं त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "आणि माझं पण चुकलं. मी दिग्दर्शक ना? तुला स्टेजवर उभं राहता येत नाही हे मला चौदा वर्षं माहीताय, तरी तुलाच हीरो केला. तू ड्रायव्हरचं काम करू नको. तू प्रॉम्प्टिंग कर."

"कुणाला?"

"सगळ्यांना. वही घे आणि प्रत्येकाची वाक्यं लिहून काढ. मारायला येणाऱ्यांची पण."

लवूनं शंभर पानी वही आणली आणि आठवडाभर लिहीत बसला. हे काम त्याच्या हातचं होतं. कोण काय म्हणेल ते डावीकडं, त्याला काय सांगायचं ते उजवीकडं. डावीकडं: 'पकडो साले को.' उजवीकडं: 'इंजिन बंद. किल्ली खिशात. दोन्ही हात दिसतील असे वर. सरळ जखमीजवळ जाऊन बसायचं.' हे शेवटचं सुगंधाचं. जखमीला हात लावून बसलेल्या माणसाला मारायला लोक जरा कचरतात, हे तिनं इस्पितळाच्या दारात उभं राहून बघितलेलं होतं. डावीकडं: 'मारा याला.' उजवीकडं: 'मारा, पण आधी पाय धरा.' डावीकडं: 'पाणी पाजा.' उजवीकडं: 'पाजू नका, नुसते ओठ ओले करा.' अंबादासला मुद्दाम घरी बोलावून त्याच्याकडून पब्लिकचे संवाद तपासून घेतले. त्यानं वही वाचली, दात नसलेल्या जागी जीभ फिरवली आणि एकच सुधारणा सुचवली, "शिव्या फार कमी आहेत."

पुढच्या रविवारी आठ माणसं ओरडत आली तेव्हा लवूच्या हातात वही होती आणि तो जागचा हलला नाही. त्यानं एकेकाकडं बघून, विंगेत बोलायचा त्या आवाजात, ज्याचं त्याला वाक्य सांगितलं. पब्लिकनं जानकीबाईंचा पाय धरला, दोन लाकडी पट्ट्या लावून बांधला, आणि त्यांना अलगद उचलून मागच्या बाकावर ठेवलं. जानकीबाई इतक्या खूश झाल्या की कण्हायचंच विसरल्या, आणि लवूनं त्यांनाही वाक्य सांगितलं.

सात रविवार तालमी झाल्या. शेवटी शेवटी वही मिटलेली असली तरी चालायचं.

मग सुगंधानं एक पत्र्याचा डबा भरला. सासूबाईंनी आपलं जुनं लुगडं फाडायला दिलं. "नाटकासाठी," असं म्हणूनच दिलं. ते उकळून, कडक उन्हात वाळवून सुगंधानं त्याच्या पट्ट्या काढल्या. बाळानं खोक्याच्या फळ्या तासून दिल्या. फोनसाठी सुटी नाणी, साहेबांचे दोन्ही नंबर, कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या इस्पितळांचे पत्ते. डबा फियाटच्या डिकीत गेला. एके दिवशी प्रधान साहेबांनी तो पाहिला.

"हे काय रे लवू?"

"तयारी, साहेब."

"कसली?" त्यांनी उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे, असं आधीच कशाला..." प्रधान साहेब शिकलेले होते, इंजिनीअर होते, पण त्यांचाही वास्तुपुरुष जागा होता. त्यांनी डबा काढायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या बंपरला ताजं लिंबू-मिरची मात्र लटकत होतं. पुढं साहेबांची तयारी आणि मागं सुगंधाची, अशी ती फियाट आग्रा रोडवरून फिरू लागली.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला, लवू एकटाच गाडी घेऊन मुलुंडकडं निघाला होता. भांडुपला स्टॉपवर बस उभी होती. तो तिला वळसा घालून पुढं निघाला आणि त्याच क्षणी बसच्या पुढून एक सायकल आडवी आली. सायकलवर रंगारी होता. हँडलला रंगाचे डबे. लवूनं ब्रेक दाबला. आवाज फार मोठा झाला नाही. सायकल एकीकडं गेली, माणूस दुसरीकडं, आणि हिरवा तेलरंग सगळ्या रस्त्यावर पसरला.

गाडी थांबली होती, पण इंजिन चालू होतं. समोर रस्ता मोकळा होता. लवूचा उजवा पाय ब्रेकवरून उचलला गेला होता, आणि अंबादासची हिरडी त्याला अगदी डोळ्यांसमोर दिसत होती. दोन मिनिटांत भांडुप मागं पडलं असतं. त्याला पळायचं होतं. सात रविवार गेले, बाळाशी बोलणं झालं, तरी पळायचं होतंच.

मागून कुणीतरी ओरडलं, "पकडो साले को!"

हे वाक्य लवूच्या ओळखीचं होतं. वहीत पहिल्याच पानावर होतं. त्याच्यापुढं उजवीकडं काय लिहिलंय ते त्याला झोपेतही आठवलं असतं. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, हात वर करून बाहेर आला आणि हिरव्या रंगातून चालत रंगाऱ्याजवळ जाऊन बसला.

माणूस चाळिशीचा, शुद्धीवर होता. डोक्यातून रक्त येत होतं आणि उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. तेवढ्यात लवूची कॉलर मागून कुणीतरी पकडली. बनियन घातलेला, ऑइलनं काळा झालेला गॅरेजवाला. त्यानं लवूच्या दोन थोबाडीत दिल्या. वहीत थोबाडीत मारल्याचा उल्लेख होता, पण त्या इतक्या लागतात हे लवूला लिहिताना कळलं नव्हतं. कान सुन्न झाला. आणखी पाच-सहा जण जमले.

"मारा," लवू म्हणाला. "पण आधी पाय धरा."

"काय?"

लवू ओरडला नाही. त्याला ओरडता येतच नव्हतं. चौदा वर्षं जो आवाज पडद्याआडून दिला तोच तोंडून निघाला, आणि तो ऐकायला जवळच्या माणसांना गप्प बसावं लागलं. "तुम्ही गुडघ्याखाली धरा, असा. हलवायचा नाही. दादा, तुम्ही घोटा धरा. ताई, पाणी पाजू नका, ओठ ओले करा नुसते. डिकीत डबा आहे, ही किल्ली, कुणीतरी आणा."

किल्ली त्यानं स्वतः दिली. गॅरेजवाल्यानं कॉलर सोडली, कारण पाय धरायला दोन्ही हात लागत होते. जानकीबाईंच्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पाय फळ्यांना बांधला गेला, डोक्याला घडी दाबून धरली. कोण कुठं उभं राहणार, कोण कुठून उचलणार हे लवू एकेकाला सांगत होता, आणि दोन मिनिटांपूर्वी मारायला आलेली माणसं सांगितलं ते करत होती. त्यांनाही बहुधा कुणीतरी सांगायलाच हवं होतं. रंगाऱ्याला मागच्या सीटवर घेतलं. गॅरेजवाला त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि लवूला म्हणाला, "मी येतोय सोबत. कुठं सटकलास तर बघ."

"या," लवू म्हणाला.

इस्पितळात पोचेपर्यंत बारा मिनिटं लागली. रंगाऱ्याला आत नेलं. लवूनं तिथल्या हवालदाराला जे झालं ते सांगितलं, लायसन्स दिलं, मग नाणी काढून साहेबांना फोन लावला. पलीकडं प्रधान साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तू थांबलास?" त्यांनी विचारलं. "बरं. इन्शुरन्सचे कागद माझ्याकडं आहेत. मी निघालोच." गॅरेजवाल्याला दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली. जाताना तो लवूसमोर घुटमळला, काहीतरी बोलणार होता, पण नुसतंच "चल" म्हणून गेला.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. डोक्याला टाके पडले होते, पाय मोडला होता, पण माणूस धोक्याबाहेर होता. "पाय नीट बांधून आणलात म्हणून वाचला," ते म्हणाले आणि पुढं गेले.  लवू तेव्हा कुठं भिंतीला टेकून बाकावर बसला. थोबाड सुजलं होतं, चपला हिरव्या झाल्या होत्या, आणि त्याच्या मनात आलं की घरी जाऊन सुगंधाला सांगावं, झालं बाई, सगळं वहीप्रमाणं झालं.

एवढ्यात हवालदारानं धाडलेला निरोप मिळून एक बाई धावत आली. हातांना कोपरापर्यंत पापडाचं पीठ, केस सुटलेले. ती रंगाऱ्याची बायको. चंद्रप्रकाश आंगणे, चंद्रप्रकाश आंगणे, असं नाव घेत ती प्रत्येकाला विचारत होती. नर्सनं तिला धरून आत नेलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात औषधांची चिठ्ठी होती आणि डोळे पुसता पुसता चेहऱ्यावर पीठ लागलं होतं. नर्सनं लवूकडं बोट दाखवलं, तसा तो बाकावरून उठला. "यांनी आणलं तुमच्या मिस्टरांना."

बाई आली ती थेट लवूच्या पायांवर वाकली. त्यानं पाय मागं घ्यायच्या आत तिचा हात त्याच्या चपलेला लागला होता.

"देवासारखे आलात हो. आजकाल कोण थांबतं? ठोकणारा मेला पळाला असेल गाडी घेऊन. त्याचं कधी बरं होणार नाही. तुमचं मात्र देव भलं करो."

 हे वहीत नव्हतं. सात रविवारांत एकदाही कुणी लवूचे आभार मानले नव्हते. त्यासाठी उजवीकडं त्यानं काही लिहूनच ठेवलं नव्हतं, आणि आतून सांगायलाही कुणी नव्हतं. हवालदार पलीकडच्या खोलीत होता. साहेब अजून पोचले नव्हते. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, हात जोडायचे होते, आणि बाई दुवा देत निघून गेली असती. पुढं कधीतरी पोलिसांच्या कागदावरून तिला कळलं असतं, तेव्हाचं तेव्हा. उभ्या जागी, एक पाऊलही न उचलता पळता येतं, हे लवूला त्या क्षणी कळलं. मोर्चात हात सोडवताना जी घाई अंगात भरली होती तीच आता भरली.

"बाई," तो म्हणाला. "उठा. ठोकणारा मीच आहे."

ती उठली. तिला कळलं नाही असं वाटून लवूनं पुढं सांगितलं. "बसला वळसा घालून निघालो. ते पुढून आले. मला दिसायला पाहिजे होते. माझीच गाडी होती."

बाई त्याच्याकडं बघत राहिली. सुजलेल्या गालाकडं, हिरव्या चपलांकडं. लवू वाट बघत होता. तिनं मारलं असतं, थुंकली असती, तरी तो हलणार नव्हता. हे त्याला आत कुठंतरी शांतपणे कळलं होतं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.  बाई बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बराच वेळ रडली. लवू उभाच राहिला.

मग तिनं डोळे पुसले आणि हातातल्या चिठ्ठीकडं पाहिलं.

"मी प्रेमा," ती म्हणाली. "मला इथलं काही कळत नाही. कुठल्या खिडकीवर जायचं, काय आणायचं. घरी दुसरं माणूस नाही." तिनं चिठ्ठी पुढं केली. "तुम्ही पळाला नाहीत ना? मग आता जाऊ पण नका."

"नाही जात," लवू म्हणाला, आणि तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन औषधांच्या रांगेत उभा राहिला.